जांभूळ कुळातले परागकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांभूळ, पेरू, निलगिरी, बॉटलब्रश आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग ही पाच नावं खान्देशात कोणी एका दमात घेत नाही. वनस्पतिशास्त्रात मात्र ती एकाच घरची. कुळाचं शास्त्रीय नाव मिर्टेसी, आणि ते ज्या झुडपावरून पडलं ती मिर्टस म्हणजे आपल्याकडची विलायती मेंदी. जळगाव, धुळे, नंदुरबारमधले बी.एस्सी.-एम.एस्सी.चे विद्यार्थी, मधपाळ, पेरूचे बागायतदार आणि मसाल्याचे व्यापारी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

या कुळाचा परागकण ओळखायचा कसा?

तीन गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत. पहिली, कण वरून त्रिकोणी दिसतो. दुसरी, उगवणीची छिद्रं त्या त्रिकोणाच्या बरोबर कोपऱ्यांत असतात, बाजूंच्या मध्यावर नव्हे. तिसरी, कण लहान असतो: बहुतेक जाती १० ते ३० मायक्रॉनमध्ये (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसतात. कपाशीचा काटेरी गोळा १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्याच्या शेजारी जांभळाचा कण ठेवला तर लिंबाशेजारी मसुरीचा दाणा ठेवल्यासारखं वाटतं.

पृष्ठभाग बहुधा गुळगुळीत किंवा बारीक दाणेदार. काटे नाहीत, ठळक जाळी नाही. चित्र काढायला सोपा, पण ओळखायला फसवा असा हा कण आहे, कारण पकडायला त्याच्यावर फारसं काही नसतं. म्हणून जे थोडं आहे ते नीट बघायचं: कोपरे, ध्रुव (कणाच्या दोन्ही त्रिकोणी तोंडांचा मध्यबिंदू) आणि माप.

पुस्तकात ‘सिनकोल्पेट’, ‘पॅरासिनकोल्पेट’ लिहिलेलं असतं. म्हणजे नेमकं काय?

कणाच्या कवचावर तीन लांबट चिरा असतात आणि प्रत्येक चिरेच्या मधोमध एक छिद्र. या रचनेला ट्रायकोल्पोरेट म्हणतात. बऱ्याच कुळांत या चिरा ध्रुवापर्यंत पोचण्याआधीच संपतात. मिर्टेसीत त्या पुष्कळदा पुढे जातात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

तिन्ही चिरा ध्रुवावर थेट एका बिंदूत मिळाल्या तर तो सिनकोल्पेट. कणाच्या तोंडावर तीन पात्यांचा पंखा काढल्यासारखा दिसतो. ध्रुवाजवळ प्रत्येक चीर दुभंगली आणि तिचा फाटा शेजारच्या चिरेच्या फाट्याला जाऊन मिळाला, तर मधे कवचाचा एक छोटा त्रिकोणी तुकडा सुटा राहतो. त्याला ध्रुवीय बेट म्हणतात आणि अशा कणाला पॅरासिनकोल्पेट. नदीला दोन फाटे फुटून पुन्हा एकत्र यावेत आणि मधे बेट राहावं, तसंच. चिरा आखूड राहून ध्रुवाआधी थांबल्या तर ना पंखा, ना बेट.

एकाच फुलात, एकाच परागकोशातसुद्धा काही कणांत बेट असतं, काहींत अर्धवट, काहींत नसतं. त्यामुळे एका कणावरून निकाल देऊ नये. २५-३० कण बघून ‘बहुतेक असे, थोडे तसे’ अशी नोंद करावी. अधूनमधून दोन किंवा चार कोपऱ्यांचाही कण सापडतो. तो वेगळ्या झाडाचा नसतो. चार कोपऱ्यांचा कण चौकोनी दिसतो आणि नवशिक्याला हमखास चकवतो.

त्रिकोणी आकाराचा उपयोग काय?

परागनलिका कोपऱ्यातल्या छिद्रातून बाहेर पडते. कुक्षीवर कण कसाही पडला तरी तीनपैकी एखादा कोपरा ओलाव्याजवळ येण्याची शक्यता जास्त. चिरांचं काम वेगळं आहे. परागकोश फुटला की कण वाळतो, चिरा आत दुमडतात आणि पाणी उडून जाण्याच्या वाटा झाकल्या जातात. ओलावा मिळाला की चिरा उघडतात, कण फुगतो. म्हणून कोरडा आणि ओला कण एकाच झाडाचे असूनही वेगळे वाटतात. कवच ज्या स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं ते आम्लाला दाद देत नाही, आणि हजारो वर्षं गाळात टिकतं ते त्यामुळेच.

सुरुवात कोणत्या फुलापासून करावी?

लवंगेपासून. ऋतू बघावा लागत नाही, झाडावर चढावं लागत नाही. लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळी. तिचं गोल डोकं म्हणजे चार मिटलेल्या पाकळ्या, आणि त्या टोपीखाली पुंकेसर आत वळून बसलेले असतात. कळी उमललेलीच नसल्यामुळे बाहेरचा परका पराग आत शिरण्याची भीती जवळपास नाही. संदर्भासाठी याहून स्वच्छ नमुना मिळणं कठीण.

डोकं शाबूत असलेल्या पाच-सहा लवंगा निवडा. कोमट पाण्यात दोन-तीन तास, नाहीतर रात्रभर भिजवा. सुईने टोपी उचला. आतले पुंकेसर धाग्यांच्या गुंडीसारखे निघतात, त्यांच्या टोकाचे बारीक ठिपके म्हणजे परागकोश. चार-पाच परागकोश स्पिरिटमध्ये दहा मिनिटं ठेवा. हे टाळलं तर लवंग तेलाचे थेंब सगळ्या स्लाइडवर पसरतात आणि नवीन माणूस त्यांनाच परागकण समजून मोजत बसतो. मग ग्लिसरीनच्या थेंबात परागकोश चिरडा, सालपट उचलून टाका, कव्हरस्लिप ठेवा. ४०० पटीवर १५ ते २० मायक्रॉनचे, गोलसर कोपऱ्यांचे त्रिकोण दिसतील. थेंबाला कोपरे नसतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तीव्र कॉस्टिक पोटॅशमध्ये लवंगेचा छेद ठेवला तर काही वेळाने सुयांसारखे स्फटिक उगवतात. ते लवंग तेलातल्या युजेनॉलपासून बनतात. स्लाइड बिघडलेली नाही.

खान्देशात बाकीची फुलं केव्हा मिळतात?

जांभूळ मार्च-एप्रिलमध्ये, आमराईच्या बांधांवर, नदी-नाल्यांच्या काठी आणि सातपुड्याच्या पायथ्याला. पेरू, ज्याला आपल्या भागात कुठे जाम तर कुठे जांब म्हणतात, तो बहारानुसार: आंबे बहाराची फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये, मृग बहाराची जून-जुलैत, हस्त बहाराची ऑक्टोबरच्या सुमारास. बॉटलब्रश कॉलेजच्या आवारात, सरकारी बंगल्यांच्या कुंपणात आणि बागांत वर्षातून अनेकदा फुलतो, त्यामुळे वर्गासाठी तोच सोयीचा. निलगिरीची कळी टोपी टाकून उमलते. झाडाखाली छोट्या शंकूसारख्या टोप्या पडलेल्या दिसल्या की वर फुलं आहेत असं समजावं.

पेरूचं फूल पहाटे-सकाळी उमलतं आणि थोड्याच वेळात परागकोश फुटतात. दहा वाजता बागेत पोचलात तर मधमाश्यांनी उरवलेलंच मिळेल. आदल्या संध्याकाळी टपोरी, पांढरी पडलेली, पण मिटलेली कळी तोडणं उत्तम.

कळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका. आपल्या उन्हात तासाभरात घाम सुटतो, दुसऱ्या दिवशी बुरशी. कागदी पाकीट, किंवा ७० टक्के अल्कोहोल भरलेली छोटी बाटली. झाडाचं नाव, गाव, तारीख पेन्सिलने लिहा, कारण अल्कोहोलमध्ये शाई पुसते.

कायमची स्लाइड कशी करायची?

ग्लिसरीन जेली पुरेशी आहे. छोट्या घाण्याचं प्रमाण: जिलेटिन ५ ग्रॅम, पाणी १७.५ मिलि, ग्लिसरीन १५ मिलि, फिनॉल ०.७ ग्रॅम. जिलेटिन पाण्यात तासभर फुगू द्या, भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, ग्लिसरीन घाला, शेवटी फिनॉल. फिनॉल कातडी भाजतं, हातमोजे हवेतच. रंग हवा असेल तर बेसिक फुक्सिनचे अगदी दोन-चार कण. जेली फिक्या गुलाबी सरबताएवढीच रंगली पाहिजे. गडद झाली की मिर्टेसीचे पातळ कण लालभडक होतात आणि चिरा दिसेनाशा होतात. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

स्लाइडवर परागकोश चिरडून स्पिरिटचे दोन थेंब टाका, तेलकट कडं बाहेर पसरेल, ते कापसाने पुसा. मुगाच्या दाण्याएवढा जेलीचा तुकडा सुईवर घेऊन परागावर टेकवा, स्लाइड किंचित गरम करा, जेली पसरली की कव्हरस्लिप. उकळी येऊ दिली तर बुडबुडे अडकतात. कडा नेलपॉलिशने बंद केल्या तरी चालतात.

ताजा पराग साध्या पाण्यात बघू नका. कण पाणी ओढून फुगतो आणि एखाद्या कोपऱ्यातून फुटून आतलं सगळं बाहेर येतं. काही जण त्याला परागनलिका समजतात. नलिकेला भिंत असते, ती सरळ वाढते. फुटलेल्या कणाचा मजकूर ढगासारखा पसरतो.

मे महिन्यात स्लाइडवरचे कण एका बाजूला वाहून गेले. असं का?

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या कपाटात त्याहूनही वर. ग्लिसरीन जेली त्याआधीच सैल पडते. स्लाइड उभ्या खाचांच्या डबीत असेल तर जेली कण घेऊन खालच्या कडेला उतरते. उन्हाळ्यात स्लाइड आडव्या ठेवा, तळमजल्यावरच्या लाकडी कपाटात किंवा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. जिलेटिनचं प्रमाण वाढवून हा त्रास कमी होतो, पण जेली दाट झाल्याने बुडबुडे वाढतात.

आणखी एक: जेलीतले कण महिन्यागणिक थोडे फुगत जातात. मापं घ्यायची असतील तर आठवड्याच्या आत घ्या. वर्षानुवर्षं तुलनेसाठी ठेवायचं असेल तर सिलिकॉन तेल बरं.

ॲसिटोलिसिस केलंच पाहिजे का?

प्रबंधासाठी, प्रकाशनासाठी, गाळातल्या कणांशी तुलना करण्यासाठी हो. वर्गातल्या ओळखीसाठी नाही. गुन्नार एर्टमान यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत आम्लाने कणाच्या आतला सगळा मजकूर जाळून फक्त बाहेरचं कवच ठेवतात. चिरा, बेट आणि छिद्राभोवतीची जाडी मग स्वच्छ दिसते.

९ भाग ॲसेटिक अनहायड्राइड आणि १ भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल असं मिश्रण ऐनवेळी करायचं, आम्ल थेंबाथेंबाने अनहायड्राइडमध्ये. त्याआधी नमुना ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुऊन त्यातलं पाणी पूर्ण काढून टाकायचं. ही पायरी गाळली तर मिश्रण पाण्याशी जोरात भडकतं आणि नळीतून उसळून तोंडावर येतं. धुराडी कपाट, चष्मा आणि हातमोजे यांच्याशिवाय हे करू नये. नंतर ८०-९० अंशांच्या पाण्यात नळी तीन-चार मिनिटं. कपाशीच्या जाड कवचाला लागणारा वेळ इथे दिला तर कण गडद तपकिरी होतात आणि बारकावे बुडतात. हलका मधासारखा रंग आला की थांबा. सेंट्रिफ्यूज, ग्लेशियल ॲसेटिकने एकदा, पाण्याने दोनदा धुणं, ५० टक्के ग्लिसरीनमध्ये दहा मिनिटं, मग नळी गाळणकागदावर उलटी.

ॲसेटिक अनहायड्राइड हे अमली पदार्थविषयक कायद्याखालचं नियंत्रित रसायन आहे. २०१३ च्या आदेशानुसार त्याच्या खरेदी-विक्रीवर आणि साठ्यावर बंधनं आहेत. विद्यार्थ्याने दुकानात जाऊन मागण्याची ही वस्तू नव्हे, विभागामार्फत आणि नोंदवहीसकटच ती हाताळावी. ती नसेल तर १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये पाच मिनिटं गरम करूनही कवच बऱ्यापैकी मोकळं होतं. मात्र दोन पद्धतींची मापं एकमेकांशी ताडू नका, ॲसिटोलिसिसनंतर कण थोडा मोठा होतो.

माप कसं घ्यायचं? सगळ्यांची मापं वेगळी का येतात?

कारण बहुतेक जण आयपीस मापपट्टी एकदा जुळवून सोडून देतात. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला ती वेगळी जुळवावी लागते. स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे ठरावीक अंतराच्या रेघा कोरलेली काचपट्टी, हिचा एक भाग १० मायक्रॉनचा. समजा ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली आयपीसचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर नेमके बसले. म्हणजे ४० भाग = १०० मायक्रॉन, एक भाग = २.५ मायक्रॉन. जांभळाचा कण अशा पट्टीवर जेमतेम पाच-सहा भाग भरतो, अर्ध्या भागाची चूक म्हणजे सव्वा मायक्रॉन. म्हणून या कुळासाठी १०० चं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह वापरा.

कण दोन्ही ध्रुवांकडून चपटे असल्यामुळे जवळजवळ सगळे त्रिकोणी बाजू वर करून पडतात. बाजूचं दृश्य, जे दोन्हीकडून फुगीर भिंगासारखं दिसतं, हवं असेल तर जेलीऐवजी पातळ ग्लिसरीन घ्या आणि कव्हरस्लिपवर सुईच्या टोकाने हळूच टिचकी मारा. कण लोळतो. ध्रुवांमधलं अंतर भागिले विषुववृत्ताचा व्यास हे गुणोत्तर ०.५० ते ०.७५ आलं तर कण ऑब्लेट, म्हणजे चपटा. किमान २५-३० कण मोजा, सरासरीसोबत सर्वात लहान-मोठाही लिहा.

पाचही झाडं परागावरून वेगळी सांगता येतात का?

प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली कुळ खात्रीने, प्रजाती (जीनस) बऱ्याचदा, जाती (स्पीशीज) क्वचित. जांभूळ आणि लवंग दोन्ही सायझिजियम प्रजातीच्या, दोघांचे कण लहान, गुळगुळीत, पातळ कवचाचे. निव्वळ परागावरून त्यांना वेगळं करण्याचा दावा कोणी केला तर मापांचा तक्ता मागा. निलगिरीचा कण त्यांच्याहून सहसा मोठा, आणि त्याच्या कोपऱ्यांत छिद्राभोवती कवच जाड होऊन आत छोटी पोकळी दिसते. लक्ष एकाग्र करून बघायची जागा तीच. बॉटलब्रश निलगिरीच्या जवळ जातो. पेरू मधल्या मापात सापडतो आणि एकटा असेल तर फसवतो.

निलगिरीच्या जातीजातींतला फरक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगू नये. प्रकाशाने पाव मायक्रॉनखालचं काही वेगळं दिसत नाही, आणि या कुळाचं नक्षीकाम नेमकं त्याच मापाचं. १९५६ मध्ये पाइक यांनी नैर्ऋत्य पॅसिफिकमधल्या मिर्टेसीच्या परागाचं मोठं सर्वेक्षण प्रकाश सूक्ष्मदर्शकावर केलं. २०१२ मध्ये थॉर्नहिल आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कुळभर पुन्हा पाहणी केली, तेव्हाही पुष्कळ प्रजातींचे कण एकमेकांसारखेच निघाले. ‘मिर्टेसी प्रकार’ एवढंच लिहून थांबायला लाज वाटण्याचं कारण नाही. खोट्या अचूकतेपेक्षा ते बरं.

त्रिकोणी आहे, पण मिर्टेसी नाही, असं होतं का?

वारंवार. आंब्यावरचं बांडगूळ घ्या. त्याचा कणही तीन कोपऱ्यांचा आणि चिरा ध्रुवावर मिळालेल्या, पण बाजू आत खोल वळलेल्या असतात आणि कण मोठा असतो. रस्त्याकडेच्या सिल्व्हर ओकचा कण त्रिकोणी खरा, त्याला कोपऱ्यात छिद्र आहे पण चीर नाही, आणि माप निलगिरीच्या दुपटीकडे जातं. पाणथळ जागेतली पाणलवंग नावाने लवंग आहे. तिचं कुळ वेगळं, कण कितीतरी मोठे, कोपरे बाहेर आलेले, आणि कणांना धाग्यांनी बांधून ठेवलेलं. एकदा पाहिली की विसरत नाही.

अर्जुन, ऐन हे याच गणातले, म्हणजे कुळाच्या वरच्या गटातले, नातेवाईक. त्यांच्या कणावर तीन खऱ्या चिरांच्या मधे तीन खोट्या, बिनछिद्राच्या चिरा असतात. सहा रेघा दिसल्या की मिर्टेसी सोडून द्या.

सातपुड्यातल्या कुंभ्याबद्दलही विचारणा होते. ब्रिटिश काळातल्या जुन्या वनस्पतीसूचींत तो आणि निवर मिर्टेसीत घातलेले आहेत, कारण फुलांत पुंकेसरांचा तसाच झुपका. आता ती दोन्ही झाडं लेसिथिडेसी या अगदी वेगळ्या कुळात गेली. जुनी सूची उघडून कुळ लिहिणाऱ्यांनी हे तपासावं.

मधात निलगिरीचे ५० टक्के कण निघाले. ‘निलगिरीचा मध’ म्हणून विकता येईल?

नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. सर्वसाधारण नियम असा की एका झाडाचे कण ४५ टक्क्यांहून जास्त असले तर ते प्रमुख धरायचं. पण निलगिरीचे कण लहान आणि मुबलक असतात, ते मधात वाजवीपेक्षा जास्त उतरतात. त्यामुळे तिच्यासाठी ४५ वर थांबता येत नाही, अपेक्षा बरीच वरची ठेवावी लागते. वास, रंग आणि विद्युतवाहकता यांची जोडही लागते.

पेरूचं वेगळं. त्याच्या फुलात मधमाशीला मिळतो तो मुख्यतः पराग. मधात पेरूचे कण सापडले म्हणजे माश्या बागेत गेल्या होत्या एवढं सिद्ध होतं, मध पेरूचा आहे हे नव्हे. आणि जळगावातल्या मधपाळाची खास अडचण केळीची. माश्या केळफुलावर रस घ्यायला गर्दी करतात, पण लागवडीच्या केळीत पराग नगण्य, आणि केळीच्या कणाचं कवच इतकं पातळ की ॲसिटोलिसिसमध्ये ते टिकतच नाही. केळीचा वाटा स्लाइडवर दिसणार नाही आणि उरलेल्या मिर्टेसीची टक्केवारी फुगलेली वाटेल.

तपासणीची रीत: १० ग्रॅम मध २० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. मे महिन्यात ते वेगळं तापवावं लागत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये १००० पट गुरुत्वावर दहा मिनिटं. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर मिनिटाला ३००० फेरे म्हणजे तेवढं होतं. त्रिज्या न बघता फक्त फेरे लिहू नयेत. वरचं पाणी ओता, पुन्हा धुवा, गाळ स्लाइडवर पसरा. किमान ३०० कण मोजा, आणि ओळीने मोजा. कव्हरस्लिपच्या कडेला लहान कण जास्त वाहून जातात. फक्त मधला भाग मोजला तर मिर्टेसी कमी भरते.

लवंगेच्या पुडीतली भेसळ परागावरून कळते का?

बऱ्यापैकी. काळ्या मसाल्यासाठी तयार पूड घेणाऱ्यांनी हे करून बघावं. चिमूटभर पूड स्पिरिटने धुऊन ग्लिसरीनमध्ये पसरा. खऱ्या कळ्यांच्या पुडीत त्रिकोणी कण भरपूर हवेत. कणांचा तुटवडा आणि जाड भिंतींच्या अश्मपेशींचा सुकाळ असेल तर दांड्या दळल्या आहेत. आयोडीनचा थेंब टाकल्यावर निळे ठिपके उठले तर स्टार्च आहे, जो लवंगेच्या कळीत नसतो. तो पिकलेल्या फळांचा किंवा सरळ पिठाचा.

एका बाबतीत परागाचा उपयोग होत नाही: तेल काढून घेतलेली लवंग. तिच्यात कण जसेच्या तसे असतात. तिथे सोपी चाचणी पाण्याच्या पेल्याची. चांगली लवंग बुडते किंवा उभी तरंगते, तेल काढलेली आडवी तरंगत राहते.

पेरूला फुलं येतात पण फळधारणा कमी. दोष परागात आहे का हे कसं बघू?

आधी ॲसिटोकार्माइन, म्हणजे कणाच्या आतला मजकूर लाल रंगवणारं द्रावण. दोन टक्के द्रावणाच्या थेंबात पराग ठेवा. भरलेले, लाल रंगलेले कण ठीक. आकसलेले, फिके, लहान-मोठे कण म्हणजे नापीक. सरदारसारख्या नेहमीच्या वाणांत बहुतेक कण भरलेले दिसतात. बिनबियांच्या त्रिगुणित झाडांत गुणसूत्रं २२ ऐवजी ३३ असतात, त्यांची वाटणी बिघडते आणि स्लाइडवर ओबडधोबड कणांची मिसळ दिसते. असं झाड बागेत एकटं लावून फळाची वाट बघणं व्यर्थ.

रंगलेला कण उगवेलच असं नाही, रंग नेहमी जास्त आशा दाखवतो. खरी परीक्षा उगवणीची. १०० मिलि पाण्यात बोरिक आम्ल १०० मिग्रॅ, कॅल्शियम नायट्रेट ३०० मिग्रॅ, मॅग्नेशियम सल्फेट २०० मिग्रॅ, पोटॅशियम नायट्रेट १०० मिग्रॅ हे दहापट द्रावण करून ठेवा. त्यातलं १० मिलि घेऊन १० ग्रॅम साखर घाला आणि एकूण १०० मिलि करा. हे १९६३ पासून वापरात असलेलं ब्रूबेकर-क्वॅक माध्यम. पहाटेचा पराग थेंबात विरळ पसरा, ओल्या गाळणकागदाच्या पेट्रीडिशमध्ये २५-२८ अंशांवर ठेवा, दोन-चार तासांनी मोजा. नलिका कणाच्या व्यासाहून लांब असेल तरच ‘उगवला’ धरायचं. मे महिन्यात दुपारी खोलीत ठेवून ‘पराग मेलेला आहे’ असा निष्कर्ष काढू नका, तो तुम्हीच मारलेला असतो.

पराग चांगला निघाला तर मधमाश्या, फवारणीची वेळ आणि पाणी इकडे बघा. सकाळी फुलं उमलत असताना कीटकनाशक मारणं ही सगळ्यात महागडी चूक.

शिंका निलगिरीमुळे येतात का?

शक्यता कमी. या कुळाचा पराग चिकट असतो आणि मुख्यतः कीटक व पक्ष्यांच्या अंगावरून जातो, वाऱ्यावर ढगाने उडत नाही. खान्देशाच्या हवेत गवतं, गाजरगवत, काटेमाठ, एरंड यांचा संशय आधी घ्यावा. कोणाची ॲलर्जी कशाची, हे डॉक्टरांच्या चाचणीवरूनच ठरतं.

तापीच्या जुन्या गाळात निलगिरीचे कण सापडले असं लिहू का?

थांबा. निलगिरी भारतात आली अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेरू पोर्तुगिजांच्या काळात अमेरिकेतून. त्याहून जुन्या थरात मिर्टेसीचा कण असेल तर पहिला अंदाज जांभळाचा, कारण ते इथलंच आणि नदीकाठचं. कोपऱ्यांतली जाड कडा खरोखर निलगिरीसारखीच असेल तर दोन शक्यता उरतात: एकतर थर तुम्ही समजता त्याहून नवा आहे, नाहीतर नमुन्यात आजचा पराग मिसळला आहे. खड्ड्याच्या भोवती निलगिरीची रांग होती का, हे क्षेत्रवहीत बघा. दख्खनच्या लाव्हाथरांमधले जीवाश्म हा वेगळा विषय. मध्य प्रदेशात घुघुआला सापडलेलं काही लाकूड निलगिरीचं म्हणून वर्णिलेलं आहे, पण ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आहे, तापीच्या गाळाशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

उलट अलीकडच्या गाळात निलगिरी कामाची आहे. तलावाच्या तळातून नळीने उभा काढलेल्या गाळाच्या नमुन्यात तिचे कण जिथे पहिल्यांदा नियमित दिसू लागतात, त्याच्या वरचं सगळं लागवडीनंतरचं.